बुधवारी माझं नाव घेऊ नका

मिशन इस्पितळ, पुरुष वॉर्ड
ता. १२ जून १९७४

सौ. गोदावरीस केसरीनाथचे अनेक आशीर्वाद.

माझी तब्येत बरी आहे. क्षयाच्या सुया चालू आहेत. वजन दोन किलो वाढले. कळविण्याचे कारण, गेल्या रविवारी मी प्रभू येशूचा स्वीकार केला व बाप्तिस्मा घेतला. दारू व तंबाखू सोडली. मी आता पूर्वीचा केसरीनाथ राहिलो नाही. रोज पहाटे उठून तुझ्यासाठी प्रार्थना करतो की तुझे डोळे उघडावेत, तू मूर्तीचा मार्ग सोडावास आणि तुझेही तारण व्हावे. आईस नमस्कार. तुळजास गोड पापा.

केसरीनाथ

*

नारपोली
ता. १९ जून १९७४

तुळजाच्या बाबांस,

वर नमस्कार लिहायचा असतो. आज लिहवत नाही.

तुमचं कार्ड मिळालं. मला मिळण्याआधी ते पोस्टमनने वाचलं, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला वाचून दाखवलं आणि चहावाल्याने सगळ्या चाळीला. मी नळावर हंडा लावून उभी होते. धोंडूबाई म्हणाली, "गोदे, तुझा घोव किरिस्ताव झाला ना? आता तू पन झगा घालशील काय?" म्हणजे माझा नवरा बाटला हे मला नळावर कळलं. तुमच्या आईने दोन दिवस चूल पेटवू दिली नाही. "माझा पोरगा मेला असता तरी मी एवढी रडली नसती," असं त्या दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. असलं लिहायचं तर तिथे पाकीट मिळत नाही का?

माझे डोळे उघडावेत म्हणता. ते उघडेच आहेत. अकरा वर्षं उघडे आहेत. तुम्ही कारखान्यातून आणलेला मागाचा धोटा माझ्यावर फेकलात, तेव्हाही उघडे होते. लोखंडी टोक येताना दिसलं म्हणून मान वळवता आली. नाहीतर आज भुवईवर खूण आहे, तिच्या खाली डोळ्याच्या जागी भोक असतं. तुळजा तेव्हा चार वर्षांची होती. तिने माझं रक्त स्वत:च्या फ्रॉकने पुसलं.

आणि तारण म्हणजे काय हो? आमच्याकडे तारण म्हणजे सोनाराकडे दागिना ठेवतात ते. मला कुठे नेऊन ठेवायचा विचार आहे? मला वाचवायचं म्हणता, तर कुणापासून? इतकी वर्षं मला एकाच माणसापासून वाचायचं होतं.

खरं सांगा, काय दिलं त्यांनी? दुधाची पावडर? चांगली खाट? जास्तीची सुई?

पूर्वीचा केसरीनाथ राहिलो नाही, असं लिहिलंत. पूर्वीच्याला मला बरंच काही विचारायचं होतं. तो असा न सांगता गेला कुठे?

माझा भाऊ मोरू परवा माहेरून, वळहून येऊन गेला. त्याचा हात जाऊन या दिवाळीला दोन वर्षं होतील. अंजूरच्या मुलीकडच्यांनी सोयरीक मोडल्यापासून तो घरात कुणाशी बोलत नाही. माझे बाबा अजून त्याला दारुड्याच म्हणतात. तरी तुमची विचारपूस करायला एवढा चालत आला. "भावोजीला आता बरा हाय ना गं ताय?" म्हणाला. मी हो म्हटलं. बाकीचं सांगायची मला लाज वाटली.

गोदावरी

*

मिशन इस्पितळ
ता. ३० जून १९७४

सौ. गोदावरीस आशीर्वाद.

कार्ड लिहिले ही माझी चूक झाली. या वेळी पाकीट पाठवीत आहे.

मला कोणी काहीही दिले नाही. डॉक्टरबाईंनी बजावून सांगितले की सुई सगळ्यांना सारखीच, देव बदललास तरी एक जास्त मिळणार नाही. कसे झाले ते लिहितो. माझ्या शेजारच्या खाटेवर विठूकाका म्हणून म्हातारे आहेत. घाटावरचे, गवंडीकाम करायचे, पन्नाशीत ख्रिस्ती झाले. त्यांच्या प्रार्थनेचा मला त्रास होई म्हणून मी त्यांना आईवरून शिव्या दिल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी मला रक्ताची उलटी झाली. वॉर्डबॉय नव्हता. हा म्हातारा स्वत: खोकत उठला, भांडे धरले, माझी घाण काढली, तोंड पुसले. मी विचारले, का करता? तो म्हणाला, "माजी बी कुनीतरी काढलीया." गोदू, मला बत्तीस वर्षांत कोणी असे बोलले नव्हते. त्या दिवसापासून मी ऐकू लागलो.

तू लिहिलेस ते सर्व खरे आहे. मी वाईट वागलो. देवापुढे गुडघे टेकून तासभर रडलो. त्याने मला क्षमा केली. छातीवरचा दगड कोणी उचलून बाजूला ठेवावा तसे वाटले. आता तूही मनात काही ठेवू नकोस. दर बुधवारी इथे प्रार्थनेची सभा असते. पन्नासएक माणसे जमतात. ती सगळी तुझे नाव घेऊन तुझ्यासाठी प्रार्थना करतात.

मोरूसाठीही मी

(यापुढे दोन ओळी शाईने गिरवून खोडल्या आहेत.)

मोरूला नमस्कार सांग.

केसरीनाथ

*

नारपोली
ता. ९ जुलै १९७४

तुळजाच्या बाबांस,

क्षमा केली? कुणी? मार मी खाल्ला. भुवई माझी फुटली. पोटातलं पहिलं मूल माझं गेलं आणि ते का गेलं हे तुम्हाला आणि मला दोघांनाच माहीत आहे. आणि तुम्ही तिकडे परस्पर मिटवून मोकळे झालात. ज्याला लागलं त्याला विचारायची रीत तुमच्या नव्या देवाकडे नाही का?

"आता तूही मनात काही ठेवू नकोस." हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. मारून झालं की सकाळी चहा पिताना तुम्ही हेच म्हणायचात. शब्दसुद्धा तेच. धर्म बदलला, वाक्य काही बदललं नाही.

आणि बुधवारी माझं नाव घेऊ नका. त्या पन्नास माणसांना मी कधी पाहिलं नाही. ती मला अंधारात बसलेली कुणी समजून माझी कीव करतात. त्यांना माझ्या भुवईची खूण कशी झाली ते सांगितलंत का? की गोदावरी मूर्तीला हात जोडते, एवढंच सांगितलंत? तुमच्या छातीसाठी मी गावदेवीला नारळ बोलले आहे, चार महिने सोमवारी उपाशी राहते आहे. त्यासाठी मी नळावर बायका जमवून "माझा नवरा बिघडलेला आहे, त्याच्यासाठी हात जोडा" असं सांगितलं नाही. तुमची अब्रू मी झाकते. माझी तुम्ही सभेत मांडता.

विठूकाका चांगला माणूस दिसतो. त्याला माझा नमस्कार सांगा. नाव विठू आणि देव येशू, हे मात्र माझ्या डोक्यात शिरत नाही.

आता त्या दोन ओळी. तुम्ही खोडल्यात, पण शाई पातळ होती. खिडकीशी धरून पाहिलं. "मोरू" वाचता आलं, "पट्टा" वाचता आलं, आणि शेवटी "मीच".

हा "मीच" काय आहे?

गोदावरी

*

मिशन इस्पितळ
ता. २० जुलै १९७४

सौ. गोदावरीस,

बुधवारी तुझे नाव घेणे बंद करायला सांगितले आहे. इथल्या चर्चच्या पाळकांना वाईट वाटले, पण ऐकले.

त्या ओळींचे मनाला लावून घेऊ नकोस. ताप होता, काहीतरी लिहीत गेलो. जे काही असेल ते मी देवाजवळ कबूल केले आहे. त्याच्यापुढे काही लपत नाही, तेव्हा तेवढे पुरे आहे. घरी आल्यावर बोलू. पावसात तुळजाला शाळेत पाठवताना जप.

केसरीनाथ

*

नारपोली
ता. २९ जुलै १९७४

तुळजाच्या बाबांस,

तेवढे पुरे आहे की नाही ते मी ठरवीन.

रविवारी मी वळला गेले. मोरू गोठ्यात होता. एका हाताने म्हशीचं दूध काढत होता, भांडं दोन्ही गुडघ्यांत धरून. मी त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, "मोरू, त्या दिवशी कारखान्यात काय झालं ते मला परत सांग."

त्याने मान वर केली नाही. "आता कशाला गं ताय? तवा सांगला तं तू आयकलास न्हाय."

"आता ऐकते."

मग तो बोलला. शाफ्टवरून मागाचा पट्टा उतरला होता. तुम्ही त्याला चढवायला सांगितलंत. तुम्ही जॉबर, माग दुरुस्त करून घेणारे तुम्ही. त्याने मोटर बंद केली, स्वत:च्या हाताने बटण खाली केलं, आणि मग हात घातला. "मोटर बंद व्हती ताय. मी प्यालेलो न्हवतो. आईची आण. कोनीतरी चालू केली. माजी पाठ व्हती, मना दिसला न्हाय."

हेच त्याने मला दोन वर्षांपूर्वी भिवंडीच्या दवाखान्यात सांगितलं होतं. कोपरापासून हात गेलेला, तोंड पांढरं पडलेलं, तरी माझा पदर धरून सांगत होता. आणि त्याच्या सदऱ्याला दारूचा भपकारा येत होता. मी काय म्हटलं ते तुम्हाला आठवतं ना, तुम्ही शेजारीच उभे होतात. मी म्हटलं, "पिऊन चालत्या पट्ट्यात हात घालतोस आणि दोष दुसऱ्यांना देतोस?" सख्ख्या भावाला म्हटलं. त्याच्यापेक्षा मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला. ठाण्याच्या सरकारी साहेबांपुढे तुम्ही लिहून दिलंत की मोरू नशेत होता. कारखान्याच्या शेठनेही तेच सांगितलं. त्यावर त्याला भरपाई मिळाली नाही, आणि अंजूरची मुलगी हातची गेली, आणि बाबांनी त्याला पडवीत झोपायला लावलं.

एकच विचारते. सगळ्या शेडमध्ये त्या वेळी तुम्ही दोघंच होतात. मोटर कुणी चालू केली?

एका ओळीत उत्तर द्या. त्यात देवाचं नाव नको. उत्तर नसेल तर पत्रही नको.

गोदावरी

*

मिशन इस्पितळ
ता. १७ ऑगस्ट १९७४

गोदावरीस,

मोटर मी चालू केली.

एका ओळीत लिहायला तू सांगितलेस, ती ओळ वर लिहिली. पुढचे वाचायचे तर वाच, नाहीतर फाड.

त्या दिवशी शिफ्टवर येताना मी पिऊन आलो होतो. बाटली खिशात होती. मोरूला पट्टा चढवायला सांगून मी मागे सुतारकामाच्या फळीवर बसलो व आणखी घेतली. मग उठलो. माग बंद का पडले आहेत याचाच मला राग आला. मी बटण दाबले. मोरू तिथे आहे हे मी विसरलो नव्हतो, तेही खोटे लिहिणार नाही. मी पाहिलेच नाही. बघायला मान वळवावी लागली असती, तेवढी वळवली नाही. त्याने ओरडण्याआधी मला आवाज आला तो पट्ट्याचा.

मोटर बंद करून धावलो. तो बेशुद्ध पडला होता. लोक यायला दोन मिनिटे लागली. त्या दोन मिनिटांत मी त्याचा हात बांधायला हवा होता. मी खिशातली बाटली काढली आणि उरलेली दारू त्याच्या सदऱ्यावर ओतली. मला काय सुचले हे मला तेव्हाही कळत होते. हात थरथरत नव्हते. आजार, दारू, संगत कशावरच याचे खापर फोडता येत नाही. ते मी केले.

शेठला मी दुसऱ्या दिवशी सकाळीच खरे सांगितले होते. तो म्हणाला, असेच राहू दे.

तुझे पत्र आल्यावर मी विठूकाकांना सगळे सांगितले. मला वाटले होते ते म्हणतील, देवाने क्षमा केली आहे, शांत हो. ते खूप वेळ खोकत बसले. मग म्हणाले, "द्येवाला सांगितलंस ते बरं केलंस. पर हात काय द्येवाचा तुटला न्हाई. ज्याचा तुटला त्याला कवा सांगनार?" मी म्हटले, तुरुंगात जाईन. ते म्हणाले, "मग जा की."

मला आता एक कळते. तुझ्यासाठी प्रार्थना करणे मला सोपे होते. तू आंधळी आहेस, असे रोज देवाला सांगत राहिलो की माझ्याकडे बघायला नको.

केसरीनाथ

*

मिशन इस्पितळ
ता. १२ सप्टेंबर १९७४

गोदावरीस,

तुझे उत्तर नाही. मागतही नाही. एवढेच कळवतो की ठाण्याच्या साहेबांच्या नावे मी अर्ज केला. डॉक्टरबाईंनी लिहून दिला, सही माझी. रजिस्टरने गेला. त्यात सदऱ्याचेही लिहिले आहे. विठूकाका गेल्या शुक्रवारी गेले. त्यांची खाट रिकामी आहे.

केसरीनाथ

*

वळ
ता. २ ऑक्टोबर १९७४

केसरीनाथ,

नाव घेऊन लिहिते आहे. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही हे मला माहीत आहे.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून मी तुळजाचा हात धरून नारपोलीहून निघाले ती इथे बाबांकडे आले. चावी तुमच्या आईकडे आहे. वळला आल्यावर ओटीवर बाबा, काका, शेजारचे रामनाथ, सगळे बसलेले असताना मी तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत.  सदऱ्याच्या जागी थांबून पाणी प्यायले आणि परत वाचलं.

तुम्हाला वाटत असेल मोरू चिडला असेल. रडला असेल. त्याने काहीच केलं नाही. बाबा उठून त्याच्याकडे गेले, त्याच्या डोक्यावर हात ठेवायला लागले, तर त्याने डोकं काढून घेतलं. मला म्हणाला, "ताय, त्याचा जाऊ दे. तो परका. तू तर माजी व्हतीस."

हे ऐकून मी काय करायचं सांगा. तुमचा देव क्षमा वाटतो, तर माझ्यासाठी काय आहे त्याच्याकडे? मी काही केलंच नाही, फक्त नवऱ्यावर विश्वास ठेवला. जगातल्या सगळ्या बायांना जे शिकवतात ते केलं. त्यात माझा भाऊ दोन वर्षं पडवीत कुढत पडला. तुमच्यावर राग आहेच, तो मी जन्मभर पुरवून वापरीन. पण स्वत:वर आहे तो मला जेवू देत नाही.

बाबा म्हणतात, हे पत्रच घेऊन ठाण्याला जाऊ. मी नको म्हटलं. कागदाने नाही भागायचं. तुम्ही या, आणि मोरू तिथे उभा असताना, शेठ तिथे असताना, स्वत:च्या तोंडाने बोला. त्याआधी घरी यायचं नाही. वळच्या वेशीतही यायचं नाही.

विठूकाका गेले याचं वाईट वाटलं. मी त्यांना पाहिलं नाही, पण तुमच्यापेक्षा त्यांच्यावर माझा जास्त विश्वास होता.

गोदावरी

*

नारपोली
ता. ६ डिसेंबर १९७४

गोदावरीस,

तू परवा ठाण्याला सुनावणीला आली होतीस. मी पाहिले. माझ्याशी बोलली नाहीस ते बरोबरच केलेस.

खोलीवर आलो आहे. डिस्चार्ज मिळाला, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, कापसाच्या धुळीत परत जायचे नाही. तसेही कारखान्याच्या फाटकाशी मला उभे करत नाहीत. काल शेठची दोन माणसे येऊन खोलीतले सामान फेकून गेली. पोलिसांत माझ्यावर खोटी साक्ष दिल्याचे प्रकरण होईल असे वकील म्हणतो. आई माझे ताट वेगळे ठेवते व मी जेवलो की ते राखेने तीनदा घासते. रस्त्यात माणसे मला बघून थुंकतात. हिंदू म्हणतात बाटगा, मागवाले म्हणतात शेठचे मीठ खाऊन उलटला. मोरूसाठी थुंकणारा अजून एकही भेटला नाही.

इस्पितळातून पत्र आले आहे. वॉर्डात मदतनीसाची नोकरी व राहायला खोली देतात. तिथे प्रार्थनेच्या सभेत मी साक्ष द्यावी, म्हणजे मी कसा बदललो ते सर्वांपुढे सांगावे, असे पाळकांचे म्हणणे आहे. तू व तुळजा याल का? तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. सगळे नव्याने करता येईल.

तुझ्यासाठी प्रार्थना अजून करतो, पण तुझे डोळे उघडावेत असे म्हणत नाही. तुझे नाव घेतो. पुढे काय मागावे सुचत नाही, म्हणून तसाच बसतो.

केसरीनाथ

*

वळ
ता. १३ डिसेंबर १९७४

तुळजाच्या बाबांस,

मी ठाण्याला आले होते ते तुमच्यासाठी नाही. तुम्ही ऐनवेळी शब्द फिरवलात तर तुमची कॉलर धरायला आले होते.

शेठच्या वकिलाने तुम्हाला विचारलं, "पाद्र्यांनी शिकवून पाठवलं का रे? काय दिलं?" तिथे मी दात आवळून बसले होते. मला वाटलं, आता हा उपदेश सुरू करणार. आता प्रभूचं नाव घेणार, मी कसा बदललो ते सांगणार, आणि मोरू परत एका बाजूला पडणार. तुम्ही म्हणालात, "साहेब, दारू माझी होती. बाटली माझी होती. सदरा त्याचा होता." एवढंच. देवाचं नाव काढलं नाहीत. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की तुमचं काहीतरी खरं झालेलं असावं. मला ते वाटायला नको होतं. वाटलं.

कारकुनाने तुमचा जबाब वाचून दाखवला. "सदर कामगार नशेत नव्हता." तेव्हा मोरू म्हणाला, "परत वाचा." त्याने परत वाचलं. मोरू म्हणाला, "अजून येकदा." कारकून वैतागला, पण साहेबांनी खूण केली. तिसऱ्यांदा ऐकताना मोरूने डोळे मिटले होते. मी त्याच्याकडे बघत होते. तुम्ही खाली बघत होतात. बघायला हवं होतं तुम्ही.

अंजूरच्या मुलीला मे महिन्यात मुलगा झाला. ते काही परत येणार नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे तुम्हाला सगळं नीट झालंसं वाटायला नको.

आता नोकरीचं. तिकडे जायचं नाही. तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही म्हणता, तेच मला नको आहे. तिथे तुम्ही बुधवारी उभे राहाल, मी कसा पापी होतो ते सांगाल, पन्नास माणसं डोळे पुसतील, आणि दोन वर्षांत तुम्ही साधू व्हाल. मोरूचा हात तुमच्या गोष्टीतली एक गोष्ट होईल. नाही. इथे राहा. जिथे थुंकतात तिथे राहा. मोरू रस्त्याने जाताना तुम्हाला समोरून यावं लागेल, तिथे राहा. तुमचा देव खरा असेल तर तो नारपोलीतही असेल, त्याला भेटायला घाटावरच्या इस्पितळात जावं लागणार नाही.

जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही. पण मग मी येणार नाही, आणि तुमचं खरं झालं असं मला वाटलं होतं ते मी विसरून जाईन.

गोदावरी

*

नारपोली
ता. २२ डिसेंबर १९७४

गोदावरीस,

नोकरीला नाही म्हणून कळवले. पाळक नाराज झाले. मला रात्रभर राग आला होता तुझा, तोही लिहितो, कारण आता लपवायचे नाही ठरवले आहे. मला तिकडे जायचे होते. तू म्हणतेस त्याचसाठी जायचे होते.

लाकडाच्या वखारीत दिवसाच्या राखणीचे काम मिळाले. वखारवाला मुसलमान आहे, म्हणाला, "तुम क्या हो, हमको क्या करना, लकडी गिननी आती है ना?"

गुरुवारी वळला आलो होतो. तू तुळजाला घेऊन बाजाराला गेली होतीस. वेशीत यायचे नाही असे तू म्हटले होतेस, पण ते ठाण्याच्या आधीचे होते असे मी धरून चाललो. मोरू अंगणात होता. मी म्हटले, "मोरू, मी तुझ्याजवळ माफी मागायला आलो नाही. मागण्यासारखे तोंड नाही. नुसता तुझ्यापुढे यायला आलो." त्याने बस म्हटले नाही, जा म्हटले नाही. पेंढ्याचे भारे पडले होते. मी उचलून माळ्याशी नेऊ लागलो. चौथ्या भाऱ्याला दम लागला, भिंत धरून खोकत राहिलो.  तो म्हणाला, "बसा आता. मराल, न् माज्यावर येल."

बसलो. तो तांब्याभर पाणी ठेवून आत गेला. परत बाहेर आला नाही. मी पाणी प्यालो, उरलेले भारे बसत उठत ठेवले आणि आलो.

दर गुरुवारी वखारीला सुट्टी असते. त्याने नको म्हटले नाही तर येत जाईन.

केसरीनाथ

*

वळ
ता. ४ जानेवारी १९७५

तुळजाच्या बाबांस नमस्कार.

मोरूला मी विचारलं, "त्यांना दर गुरुवारी येऊ देऊ का?" तो म्हणाला, "आला तं आला. भारे निट रचत न्हाय पन." एवढंच. यातून काय घ्यायचं ते घ्या. जास्त घेऊ नका.

माझ्याशी तो आता जेवताना बोलतो. परवा माझ्यासाठी त्याने खाडीवरून निवट्या मासे आणून दिले. साफ करताना मी रडले, त्याने पाहिलं, पण विचारलं नाही. बाबांनी त्याची खाट पडवीतून घरात घेतली आहे. तो अजून पडवीतच झोपतो. म्हणतो, सवय झाली.

सोमवारी दुपारी मी आणि तुळजा नारपोलीला येतो. तिची शाळा बुडते आहे, आणि बाबांच्या घरी किती दिवस राहणार. ऐकून घ्या. गावदेवीचा टाक मी बरोबर आणते आहे. तो पूर्वीच्याच फळीवर बसेल. तुमचं पुस्तक तुम्ही दुसऱ्या भिंतीला ठेवा. रविवारी तुमच्या उपासनेला जायचं तर जा, डबा मी करून देईन, पण मला चल म्हणायचं नाही आणि तुळजाला न्यायचं नाही. ती मोठी झाली की तिचं ती बघेल. प्रार्थनेत माझं नाव घेतल्याशिवाय राहवत नसेल तर मनात घ्या, मला ऐकू येता कामा नये. तुमच्या आईला मी समजावीन. ताट वेगळं ठेवायचं तर दोघांचं ठेवा म्हणेन, मग बघू किती दिवस राख पुरते ते. हात उचललात तर मात्र मी कुणाला पत्र लिहीत बसणार नाही. मोरू एका हाताचा असला तरी माझा भाऊ आहे, आणि आता मी त्याचं ऐकते.

काल तुळजाने विचारलं, "आई, बाबा आता मारत नाहीत का?" मला नाही म्हणायचं होतं. तोंडातून आलं नाही. मी म्हटलं, "माहीत नाही. जाऊन बघू." ती दप्तर भरायला लागली. तिला उत्तर तुम्ही द्यायचं आहे, आणि ते एका दिवसात देता येणार नाही.

रिक्षाने येऊ. सामान फार नाही. दाराशी वाट बघत उभे राहू नका, चाळ बघते. पाणी भरून ठेवा. माझा राग गेलेला नाही. तो वळला ठेवून येता येत नाही, म्हणून बरोबर घेऊन येते आहे.

गोदावरी